गुंडाळून ठेवलेली बाग



आज बोलायचे आहे ते इराणी गालिच्यांबद्दल. तुम्ही म्हणाल, राणीसावरगावच्या माणसाने इराणच्या गालिच्याबद्दल काय सांगावे? आमच्याकडे पाहुणा आला की घोंगडी अंथरायची, फार तर सतरंजी. लग्नकार्यात जाजम. गालिचा पाहायचा तो सिनेमात, नाहीतर गोष्टीत. आणि गोष्टीतला तर उडणारा!

खरे आहे. पण वस्तू गावात नसली तरी तिचे शब्द मात्र घरोघर होते. लुगड्याची किनार, चोळीवरची नक्षी, रेशीम, मखमल. किनार हा शब्द फारसी, नक्षी फारसीतून आलेली, रेशीमही तिकडचेच. आणि खुद्द ‘गालिचा’ पाहा. फारसीत मोठ्या, लवेच्या अंथरुणाला ‘काली’ म्हणतात. त्याला ‘चे’ लावले की लहानपणा येतो, आणि होते ‘कालीचे’, म्हणजे लहान काली. त्याच रीतीने ‘बाग’ला ‘चे’ लावून ‘बागचे’ झाले आणि आपण त्याचा ‘बगीचा’ केला. गालिचा आणि बगीचा, दोन्ही शब्द एकाच साच्यातून निघालेले. हे नुसते शब्दांचे नाते नाही, वस्तूंचेही आहे. ते कसे, ते पुढे सांगतो.

त्याआधी एक आठवण. माझ्या लहानपणी आमच्या गावात एका जुन्या वाड्यात एक गालिचा होता. नाव सांगत नाही, घर अजून नांदते आहे. निजामाच्या अमदानीत घरातले कोणी वरंगळला कामावर होते, त्यांनी तिकडून आणलेला. लग्नात किंवा कोणी बडा माणूस आला तरच तो माडीवरून खाली यायचा. दोन माणसे खांद्यावर घेऊन यायची. तांबडी जमीन, निळा काठ, मधे एक मोठे फूल. आम्हा पोरांना त्याच्यावर पाय ठेवायची बंदी. आम्ही काठाशी बसून हात फिरवायचो. एकीकडून हात फिरवला की रंग उजळ दिसे, उलट फिरवला की गडद. पोरांना वाटायचे, आत काही जादू आहे.

पुढे भाऊ वेगळे झाले. शेत वाटले, बैल वाटले, भांडी वाटली, आणि गालिच्याचे चार तुकडे केले. त्या घरच्या काकी कितीतरी वर्षांनी मला सांगत होत्या, “कापलं तेव्हा मी आतच होते लेकरा. कात्री चालंना, मग विळ्यानं कापलं.”

विळ्याने का कापावे लागले, कात्री का चालली नाही, हे मला फार उशिरा कळले. गालिचा विणत नाहीत, बांधतात. ताण्याचे जाड सुती दोरे मागावर उभे ताणलेले असतात. त्यातले दोन दोन दोरे धरून त्यांच्याभोवती लोकरीचा एक आखूड धागा गुंतवायचा, टोके पुढे काढायची आणि कापायची. झाली एक गाठ. अशी एक रांग पुरी झाली की बाण्याचा धागा आडवा घालायचा आणि लोखंडी पंजाने ठोकून बसवायचा. मग दुसरी रांग. त्या कापलेल्या टोकांची जी दाट लव उभी राहते तोच गालिचा. गाठीचे दोन प्रकार आहेत, एक तुर्की आणि एक इराणी. इराणी गाठीला ‘सेन्नेची गाठ’ असे नाव आहे. आणि गंमत अशी की इराणातल्या सेन्ने गावचे कारागीर स्वतः तुर्की गाठच बांधत आले! नावे देणारे लोक दूर बसून नावे देतात, त्याचा हा मासला.

गुरुजी मंडळी ऐकत असतील, त्यांच्यासाठी एक हिशेब. जगातला फार नावाजलेला एक गालिचा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. इराणात अर्दबील नावाचे गाव आहे, तिथल्या शेख सफीच्या दर्ग्यातला तो. लांबी साडेदहा मीटर, रुंदी पाच मीटरहून थोडी जास्त. आपल्या शाळेचे दोन वर्ग त्यात झाकून जातील. त्यात सुमारे २ कोटी ६० लाख गाठी आहेत. आता एका कारागिराने दिवसाला पाच हजार गाठी बांधल्या असे धरा. किती दिवस? ५,२०० दिवस. सणवार, आजारपण काही न धरता चौदा वर्षे. एकट्याचे काम नव्हेच ते. एका वेळी दहा दहा माणसे मागावर बसत असावीत.

त्या गालिच्यावर मकसूद काशानी हे नाव विणलेले आहे आणि साल विणलेले आहे, हिजरी ९४६. हिजरी सनाचे इसवी सन कसे काढावे? हिजरी वर्ष चांद्र असते, म्हणून लहान असते. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. ९४६ गुणिले ०.९७ म्हणजे ९१७ आणि वर थोडे. त्यात ६२२ मिळवले की १५३९. बरोबर. इराणात तेव्हा शाह तहमास्प राज्य करीत होता आणि इकडे अहमदनगरला बुऱ्हाण निजामशाह.

या बुऱ्हाण निजामशाहाचे घराणे मूळ कुठले? फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की या घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरातला. पाथरी म्हणजे आपल्याच परभणी जिल्ह्यातली. आणि हे लिहिणारा फिरिश्ता जन्माला आला इराणकडच्या अस्तराबादेत, वाढला अहमदनगरात. त्याआधी बहामनी राज्याचा कारभार पाहणारा महमूद गावान हाही इराणच्या गीलान प्रांताचा. त्याने बिदरला १४७२ साली बांधलेल्या मदरशावर इराणी तऱ्हेच्या रंगीत फरशा आजही काही ठिकाणी टिकून आहेत. तेव्हा इराण आपल्याला वाटतो तितका दूर नव्हता. दाभोळ-चौलच्या बंदरात जहाज लागे आणि माणसे घाट चढून वर येत. घोडे येत, पुस्तके येत, कारागीर येत. येताना ती माणसे बागही घेऊन आली.

आता त्या बागेकडे वळू. इराणचा बराचसा मुलूख कोरडा आहे. आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात उन्हाळ्यात माळ जसा दिसतो, तसा मुलूख मैलोगणती. जिथे झरा असेल किंवा जमिनीखालून पाट काढून पाणी आणले असेल तिथेच हिरवे. त्यामुळे तिथल्या माणसाच्या मनात सुखाचे चित्र एकच: चार भिंतींचे कुंपण, मधे पाणी, पाण्याचे चार पाट, आणि पाटांमधल्या चार वाफ्यांत फुलझाडे. याला म्हणतात चारबाग. आपल्यातल्या पुष्कळांनी ती पाहिली आहे. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा पाहिला ना? १६६० च्या सुमाराचा. त्याच्यापुढचे सरळ पाट, कारंजी आणि चौकोनी वाफे म्हणजे चारबागच. अहमदनगरचा, आताच्या अहिल्यानगरचा, फराहबागेचा महाल पाण्याच्या मधोमध उभा केला, तोही त्याच कल्पनेने.

आणि हीच बाग लोकरीत बांधली की गालिचा. भोवतालचा काठ म्हणजे कुंपणाची भिंत. मधला गोल म्हणजे हौद. काही गालिच्यांत तर पाट निळे काढतात आणि पाटात मासे दाखवतात. झाडावर पाखरे. ही कल्पना किती जुनी? अरब इतिहासकार सांगतात की इराणच्या खुस्रो बादशहाच्या महालात एक प्रचंड अंथरूण होते, त्यावर अख्खी वसंतातली बाग काढलेली होती. बाहेर थंडी कडक पडली की बादशहा या बागेवर बसे. पुढे ६३७ साली अरबांनी ती राजधानी घेतली, अंथरूण मदिनेला गेले आणि तिथे त्याचे तुकडे करून वाटणी झाली. विळ्याने की तलवारीने, ते कोणी लिहिलेले नाही.

मला कधी कधी वाटते, आपल्याकडे बाग का नाही काढली कोणी अंथरुणावर? आपण रांगोळी काढतो. सकाळी काढतो, संध्याकाळी पुसून जाते. ज्याच्या दारात पावसाळ्याचे चार महिने हिरवे असते त्याला फुले जपून ठेवायची निकड नसावी. इराणी माणसाला होती. हा आपला माझा तर्क.

नक्षीतले एक चिन्ह मात्र तुमच्या आमच्या घरातले आहे. आपण त्याला कोयरी म्हणतो. देवघरातल्या हळदीकुंकवाच्या भांड्याला तोच आकार, पैठणीवर तोच, अहेराच्या खणावरही तोच. इराणी त्याला ‘बोते’ म्हणतात, म्हणजे झुडूप. कोणी म्हणतो हे वाऱ्याने वाकलेले सुरूचे झाड, कोणी म्हणतो ज्योत. आपण म्हणतो आंबा. ज्याच्या अंगणात जे उगवते ते त्याला दिसते. दुसरी फार चालणारी नक्षी म्हणजे ‘हेराती’. मधे चौकट, चौकटीत फूल आणि भोवती चार वळलेली पाने. त्या पानांना इराणी लोक मासा म्हणतात. एकदा दिसली की मग ती ओळखू येत राहते.

नक्षी कारागिराला कशी कळते, हे रेडिओवर मुद्दाम सांगण्यासारखे आहे. नक्षीचा कागद मागाजवळ असतो, पण प्रत्येकाने तो पाहत बसायचे म्हटले तर काम व्हायचे नाही. म्हणून इराणात पुष्कळ ठिकाणी एक जण नक्षी गाऊन सांगे: दोन तांबड्या, एक निळी, तीन पांढऱ्या. सूर लावून. आणि मागावरचे सगळे त्या सुराबरोबर गाठी टाकत. काश्मिरात यासाठी ‘तालीम’ नावाची खुणांची लिपी आहे. तीही वाचून दाखवली जाई. म्हणजे डोळ्यांना दिसणारी ही बाग आधी कानांनी ऐकलेली असते.

आता रंग. जुन्या गालिच्याची ओढ लागते ती निम्मी रंगामुळे. तांबडा मंजिष्ठाच्या मुळीचा नाहीतर लाखेचा, निळा निळीचा, पिवळा डाळिंबाच्या सालीचा किंवा रानातल्या झाडपाल्याचा, तपकिरी अक्रोडाच्या टरफलांचा. नीळ तर आपल्या देशातून तिकडे जायची. एका कढईत जेवढी लोकर मावे तेवढी रंगली. दुसरी कढई लावली की रंगात किंचित फरक पडणारच. मग निळ्या जमिनीत मधेच एक पट्टा जरा फिका दिसतो. इराणी त्याला ‘अब्राश’ म्हणतात. नव्या गिऱ्हाइकाला तो दोष वाटतो, जाणत्याला ती ओळख वाटते. आपल्या विहिरीचे पाणी जसे ढग आला की रंग बदलते, तशी ती जमीन जिवंत दिसते. काळा रंग लोखंडाच्या पाण्याने करीत आणि त्याने लोकर हळूहळू खाल्ली जाते. शे-दीडशे वर्षांनी काळ्या रेघा खाली बसतात आणि फुले वर उठून दिसतात, जशी कोरलेली. असे होईल हे विणणाऱ्याच्या मनातही नसेल.

१८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज मुलाला, वय अवघे अठरा, कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग सापडला. त्याच्यामागून असले रंग भराभर निघाले. स्वस्त, चटकन चढणारे, भडक. इराणच्या बाजारात ते शिरले आणि गालिचे उन्हात विटू लागले, धुताना तांबडा पांढऱ्यात उतरू लागला. शेवटी इराणच्या शहाने हे रंग आणण्यावर बंदी घातली. बंदी फारशी पाळली गेली नाही, पण एका राजाने रंगाच्या पुडीवर हुकूम काढावा, यावरून धंद्याची दुर्दशा कळते. पुढचे रासायनिक रंग पक्के निघाले, हेही सांगितले पाहिजे. सगळे नवे वाईट, असे मी म्हणत नाही.

आता आपल्या दक्षिणेकडे येऊ. अकबराने आग्रा, फत्तेपूर आणि लाहोर इथे गालिच्यांचे कारखाने काढले, आणि अबुल फजल लिहितो की तरीही इराणातून गालिचे येतच राहिले. दक्षिणेत वरंगळ, एलूरु, मछलीपट्टण या पट्ट्यात हे काम चाले. एलूरुचे विणकर आपले पूर्वज इराणी असल्याचे सांगत. वरंगळ म्हणजे १९४८ सालापर्यंत आपलेच राज्य. परभणी आणि वरंगळ एकाच निजामाच्या मुलखात. दक्षिणेतले हे गालिचे डच व्यापारी जहाजांत घालून पूर्वेकडे नेत. आणि आता नवल ऐका. जपानात क्योटो शहरी दर जुलैत गिऑनचा मोठा उत्सव भरतो, उंच उंच रथ निघतात, आणि त्यांतल्या काही रथांच्या अंगावर शोभेला जे गालिचे टांगतात त्यांत सतराव्या-अठराव्या शतकातले दख्खनी गालिचे आहेत. तिथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपले. आमच्याकडे जो उरला त्याचे काय झाले, ते वर सांगितलेच.

१८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात वरंगळचे गालिचे गेले आणि त्यांची वाखाणणी झाली. वाखाणणी झाली की मागणी येते, आणि मागणी आली की घाई येते. दलाल म्हणू लागले, गाठी विरळ करा, लोकर जाडी घ्या, स्वस्तात द्या. त्यातच सरकारने तुरुंगांत गालिच्यांचे माग लावले. आग्रा, लाहोर, आणि आपल्याकडे येरवडा. कैद्याला मजुरी कसली? स्वतःच्या घरी माग लावून बसलेल्या कारागिराने त्या भावाशी टक्कर कशी द्यावी? जॉर्ज बर्डवुड या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० साली आपल्या पुस्तकात याच्यावर कडक टीका केली. तुरुंगातूनही चांगले गालिचे निघाले, नाही असे नाही. आग्र्याच्या तुरुंगात व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला प्रचंड गालिचा विंडसरच्या महालात गेला. पण वरंगळच्या कारागिराचे हात हळूहळू सतरंजीकडे वळले. सतरंजीला गाठी नसतात, काम लवकर होते, पोट भरते. वरंगळच्या सतरंजीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. लवेचा गालिचा मात्र तिथे मागे पडला.

सौंदर्याचे बोलताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. बारीक गाठीला बारीक बोटे लागतात, असे म्हणून कैक ठिकाणी लहान मुलांना मागावर बसवले गेले. इराणात, काश्मिरात, मिर्झापूर-भदोहीकडे, पाकिस्तानात. अंधाऱ्या खोलीत, पाठ वाकवून, धुळीत. पाकिस्तानातला इक्बाल मसीह चार वर्षांचा असताना घरच्या कर्जापायी मागाला बांधला गेला, सुटला, इतर मुलांना सोडवू लागला, आणि १९९५ साली गोळी लागून मारला गेला. वय बारा. अर्दबीलच्या २ कोटी ६० लाख गाठी सांगताना मी तुम्हाला गणित घातले. त्यातली किती बोटे किती वयाची होती, ते गणित कोणाला करता येत नाही. मुलाने शाळेत बसावे आणि गाठ मोठ्या माणसाने, पुऱ्या मजुरीवर बांधावी. त्याने गालिचा महाग होईल. होऊ द्या.

आता घरातल्या वस्तूकडे. जुन्या वाड्यात, देवळात, दर्ग्यात कुठे असा तुकडा पडलेला असेल तर तो हातच्या गाठीचा आहे की यंत्राचा, हे कसे ओळखावे? उलटा करा. हातच्या गालिच्याची नक्षी मागूनही जवळजवळ तितकीच स्पष्ट दिसते आणि गाठींच्या रांगा जरा वाकड्यातिकड्या असतात. टोकाचे गोंडे पाहा. ते ताण्याचेच दोरे पुढे आलेले असले पाहिजेत. वेगळे आणून शिवलेले असतील तर संशय घ्या. लव बोटांनी फाकवा, तळाशी गाठ दिसली पाहिजे. आणि मग त्याची घडी घालू नका. गुंडाळा. घडीवर ताणा तुटतो. कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, वर्षातून दोनदा उलगडून सावलीत वारा द्या. कसर लागते ती अंधारात बंद पडलेल्या लोकरीला. काठीने धोपटू नका, आणि भांडेवालीच्या टोपलीत तर मुळीच टाकू नका. दोन स्टीलच्या पातेल्यांवर किती बागा गेल्या असतील!

हे कौशल्य परके आहे, असेही समजू नका. आमच्याकडे धनगर मंडळी मेंढ्या कातरतात, सूत काततात, चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणतात. दख्खनी मेंढीची लोकर राठ, पण टिकाऊ. तिच्या काळ्या आणि पांढऱ्याला रंगाची गरजच नाही. गालिच्याचा पहिला अर्धा रस्ता ती माणसे रोज चालतात.

अर्दबीलच्या गालिच्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तो एकटा नव्हता, जोडी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही फाटक्या अवस्थेत विकले गेले. व्यापाऱ्याने एक कापून त्याच्या तुकड्यांनी दुसरा दुरुस्त केला. जो दुरुस्त झाला तो १८९३ साली दोन हजार पौंडांना लंडनच्या संग्रहालयाने घेतला; घ्यावा म्हणून विल्यम मॉरिस या नामांकित कारागीर-कवीने आग्रह धरला होता. तिथे आता तो काचेच्या घरात अंथरलेला आहे आणि रंग विटू नयेत म्हणून अर्ध्या तासातून दहाच मिनिटे दिवे लावतात. दुसरा, काठ गेलेला, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे.

गेल्या साली काकींच्या नातवाने आमच्या गावातल्या त्या गालिच्याचा एक तुकडा मला आणून दिला. पिठाच्या गिरणीत पोत्यांखाली होता. तीन आठवडे मी तो नुसता झटकत होतो. तांबडा अजून तांबडा आहे. तो शाळेत नेला आणि फळ्यावर उलटा टांगला. मुलांनी पट्टी लावून एका इंचातल्या गाठी मोजल्या. आडव्या नऊ, उभ्या दहा. म्हणजे एका चौरस इंचात नव्वद. मग त्यांनी तुकड्याची लांबी-रुंदी घेतली, गुणाकार केला, चाराने गुणला आणि अख्ख्या गालिच्याच्या गाठी काढल्या. उत्तर काढून झाल्यावर सातवीतली एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, यात ते मधलं फूल पावच हाय. बाकीचं कुठं असंल?”

एक तुकडा पुण्याला गेला आहे, थोरल्या भावाच्या मुलाकडे. त्याला पत्र टाकले आहे. उरलेल्या दोहोंचा तपास चालू आहे.